चिपवरचा प्रकाश आणि रक्ताचा थेंब : बडोद्याच्या बैठकीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

दांडिया बाजारात आमची दहा-पंधरा जणांची महिन्याची बैठक असते. बहुतेक निवृत्त, दोन-तीन विद्यार्थी, एक पॅथॉलॉजी लॅबवाले डॉक्टर आणि हट्टानं पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक काकू. मी नंदेसरीच्या बाजूला एका रसायन कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली. शेवटची काही वर्षं प्रकाशावर चालणाऱ्या चिप-सेन्सरच्या एका चाचणीत हात काळे केले. त्यावर एकदा बैठकीत बोललो आणि प्रश्न थांबेनात. फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, शेव-उसळीच्या गाडीवर हातात द्रोण असताना विचारतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

इंटिग्रेटेड ऑप्टिकल सेन्सर म्हणजे नेमकं काय?

नखाएवढ्या चिपवर प्रकाशासाठी अतिशय बारीक वाटा कोरायच्या आणि त्या वाटांवर येऊन चिकटलेला पदार्थ प्रकाशालाच ओळखायला लावायचा. ‘इंटिग्रेटेड’ एवढ्यासाठी की टेबलभर पसरलेले आरसे, भिंगं, फटी हे सगळं एका चिपवर एकत्र येतं. जे ट्रान्झिस्टरचं झालं, तेच प्रकाशाचं. ‘इंटिग्रेटेड ऑप्टिक्स’ हे नाव बेल प्रयोगशाळेतल्या स्ट्युअर्ट मिलर यांनी १९६९ मध्ये रूढ केलं. त्यांच्या डोक्यात टेलिफोनचं दळणवळण होतं, रक्ततपासणी नव्हती.

सेन्सरची कल्पना पुढं एका अडचणीतून वर आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झ्युरिकमध्ये लुकोश आणि टीफेनथालर हे दोघं अशा पातळ प्रकाशवाटांवर काम करत होते. हवेतल्या दमटपणानं त्यांची मोजमापं हलायला लागली. दुसरा एखादा खिडक्या बंद करून मोकळा झाला असता. यांनी म्हटलं, दमटपणा कळतो तर बाकीचंही कळेल. कारखान्यात मी कितीतरी ‘ड्रिफ्ट’, म्हणजे यंत्राचा आकडा आपोआप सरकत जाणं, शिव्या घालत दुरुस्त केले, त्यातला एकही असा उलटून पाहिला नाही, याची रुखरुख आहे.

प्रकाश चिपच्या आत, रेणू बाहेर. मग प्रकाशाला कळतं कसं?

हा प्रश्न काकूंचा, आणि सगळ्यांत चांगला.

शाळेत पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलो होतो. काचेतून हवेकडे तिरपा जाणारा प्रकाश एका कोनापलीकडे बाहेर पडत नाही, सगळाच्या सगळा मागं फिरतो. प्रकाशवाटेत, म्हणजे वेव्हगाइडमध्ये, प्रकाश असाच कोंडलेला असतो. पण ‘सगळाच्या सगळा’ हे पुस्तकानं सोपं करून सांगितलेलं. परत फिरण्याआधी तो सीमेपलीकडे किंचित डोकावतो. जुन्या वाड्यात माणूस घरातच असतो, पण त्याचा अर्धा संसार ओसरीवर चाललेला असतो, तसं. या ओसरीची खोली साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटर, आणि बाहेर जावं तसतसा प्रकाश झपाट्यानं विरत जातो. शास्त्रात त्याला एव्हनेसंट फील्ड म्हणतात.

हे डोकावणं आपल्याकडे एकानं फार पूर्वी मोजलं होतं. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात दोन प्रिझम समोरासमोर ठेवून मधली फट बदलत नेली आणि १८९७ मध्ये दाखवलं, की फट पुरेशी अरुंद असली तर ‘पूर्ण’ परावर्तित व्हायला हवी ती लहर पलीकडच्या प्रिझममध्ये उडी मारते. त्यांच्या लहरी रेडिओच्या जातीच्या, कित्येक पट लांब, म्हणून ती फटही हातानं मोजण्याइतकी मोठी होती. नियम तोच.

आता या ओसरीवर पाहुणा आला, म्हणजे पाण्याच्या जागी प्रथिनाचा एखादा रेणू येऊन बसला, की तिथला अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात प्रकाश किती मंदावतो त्याचं माप, किंचित वाढतो. पाण्याचा १.३३, प्रथिनाचा त्याहून जास्त. तेवढ्यानं आतल्या प्रकाशाची चाल थोडी मंदावते. हा मंदावलेपणा मोजायचा, एवढंच काम.

रिंग, रिंग म्हणतात ती काय?

बडोदेकरांना हे समजावणं सोपं आहे. गरब्याचं रिंगण डोळ्यांसमोर आणा. रिंगण बरोबर एवढं, की ठरावीक पावलांत फेरी पुरी होते आणि टाळी पुन्हा मूळ जागेवरच पडते. दुसऱ्या फेरीतही तिथंच, शंभराव्या फेरीतही तिथंच. अशा वेळी रिंगणाला जो रंग चढतो तो चढतो. पाऊल थोडं लहान-मोठं झालं की टाळ्या इकडेतिकडे विखुरतात आणि रंग उतरतो.

चिपवर सरळ प्रकाशवाटेच्या शेजारी अशी एक गोल वाट असते. सिलिकॉनची असेल तर तिचा व्यास दहा मायक्रोमीटरइतका लहान करता येतो, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत दोन-चार रिंगा आरामात मावतील. ज्या तरंगलांबीची पूर्ण पावलं त्या परिघात बरोबर बसतात, ती रिंगणात ओढली जाते आणि सरळ वाटेच्या टोकाला कमी पोहोचते. म्हणून टोकाला मोजलेल्या प्रकाशात तिथं खळगा दिसतो. आता रिंगेवर रेणू चिकटले. प्रकाशाचं पाऊल आखूड झालं, टाळी चुकली. आता त्या रिंगणात कोण बसेल? मुळात किंचित लांब पाऊल टाकणारा. म्हणजे खळगा जास्त तरंगलांबीकडे सरकतो. किती सरकला ते पाहायचं आणि किती रेणू बसले ते काढायचं.

सिलिकॉनच्या नेहमीच्या रिंगेत पाण्याचा अपवर्तनांक ०.००१ ने वाढला तर खळगा साधारण ७० पिकोमीटर सरकतो. पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग. हा आकडा लक्षात ठेवा, खाली उन्हाळ्याच्या प्रश्नात पुन्हा लागणार आहे.

रिंगेशिवाय दुसरी रीत नाही का?

आहे. प्रकाश दोन वाटांत वाटायचा, एक वाट झाकलेली, दुसरी नमुन्याला उघडी, आणि पुढं दोन्ही पुन्हा एकत्र आणायच्या. उघड्या वाटेवर काही चिकटलं की दोघांची पावलं जुळत नाहीत आणि उजेड कमीजास्त होतो. मूळ मांडणी १८९१-९२ मधली, झेंडर आणि माख या दोघांची. टेबलावर करायला महाकटकट, चिपवर एकदम शहाणी. याखेरीज जाळीचे, बारीक छिद्रं पाडलेले, सोन्याच्या पातळ थराचे असे पुष्कळ प्रकार आहेत. सोन्याच्या थराचा प्रकार, ज्याला एसपीआर म्हणतात, बाजारात सगळ्यांत आधी रुळला. स्वीडनमध्ये १९८३ मध्ये त्यावर पहिलं नाव घेण्याजोगं काम झालं आणि १९९० मध्ये यंत्र विक्रीला आलं. औषध कंपन्यांच्या संशोधन विभागात आजही तेच भेटतं.

प्रकाशाला कसं कळतं की आलेला रेणू आपल्याला हवा तोच आहे?

कळत नाही. मुळीच नाही. माझं सगळं सांगणं खरं तर या एका उत्तरापाशी येऊन थांबतं, म्हणून इथं जरा बसतो.

साखर कारखान्यात किंवा द्राक्षबागेत ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर पाहिला असेल. रसाचा एक थेंब टाकायचा आणि आकडा वाचायचा. पाण्यात एक टक्का साखर मिसळली की अपवर्तनांक सुमारे ०.००१४ नं वाढतो. चांगली चिप अपवर्तनांकातला दहा लाखांत एक इतका फरक ओळखते. म्हणजे हिशेबानं लिटरभर पाण्यातली सात मिलिग्रॅम साखर. ऐकायला जबरदस्त. पण ती सात मिलिग्रॅम साखर होती, मीठ होतं की कुणाची थुंकी, हे त्या चिपला विचाराल तर उत्तर एकच : “काहीतरी आहे.”

म्हणून वेव्हगाइडच्या पाठीवर ‘पकडणारा’ बसवावा लागतो. बहुतेक वेळा तो प्रतिपिंड असतो, म्हणजे शरीर रोगजंतूंविरुद्ध बनवतं ते प्रथिन (अँटीबॉडी), इंग्रजी वाय अक्षरासारखा, दहा-पंधरा नॅनोमीटरचा, आणि तो आपला ठरलेला रेणूच, म्हणजे प्रतिजनच, पकडतो. कधी डीएनएचा एकेरी धागा, त्याची जोडी जुळेल तोच धागा धरणारा. कधी एखादा एन्झाइम. ज्याला चिप म्हणून आपण कौतुकानं हातात घेतो, तिचं खरं डोकं या दहा नॅनोमीटरच्या थरात आहे. खालचं सिलिकॉन म्हणजे नुसता वजनकाटा.

आणि हा थर नाजूक, लहरी, कधी कधी रुसणारा. आधी पृष्ठभाग लख्ख साफ करायचा, मग त्यावर सिलेन या सिलिकॉनच्या रसायनाचा एक रेणूजाडीचा थर, त्यावर जोडरसायन, त्यावर प्रतिपिंड. प्रतिपिंड उताणा पडला तर त्याचे हात खाली दबतात आणि तो काहीच धरत नाही. फार दाटीवाटीनं बसवले तर एकमेकांना अडवतात. शेवटी मधल्या रिकाम्या जागा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनानं भरून टाकायच्या. ते केलं नाही तर रक्तातलं वाटेल ते तिथं येऊन चिकटतं आणि चिप आनंदानं “सापडलं, सापडलं” म्हणत राहते.

हे चिकटणं किती भयंकर ते आकड्यात पाहा. रक्ताच्या सीरममध्ये अल्ब्युमिन नावाचं साधं प्रथिन लिटरमागे चाळीस ग्रॅमच्या आसपास असतं. हृदयविकारात ज्याच्याकडे डॉक्टर डोळे लावून बसतात ते ट्रोपोनिन लिटरमागे नॅनोग्रॅमांत मोजतात. चाळीस ग्रॅमांत चाळीस नॅनोग्रॅम म्हणजे वजनानं शंभर कोटींत एक. सगळ्या भारताच्या गर्दीतून एक माणूस हुडकायचा, आणि बाकीच्यांपैकी कुणालाही चुकून धरायचं नाही. प्रकाशाची बाजू तीस-चाळीस वर्षांत बरीच सुटली आहे. ही बाजू प्रत्येक नव्या पदार्थासाठी पुन्हा पहिल्यापासून सोडवावी लागते.

साखर तपासायचं मशीन, ऑक्सिमीटर, गर्भतपासणीची पट्टी हे सगळं यातच मोडतं का?

नाही, पण नातलग आहेत. घरातलं साखरेचं मशीन विजेवर चालतं : पट्टीवरचा एन्झाइम साखरेशी काम करतो आणि त्यातून येणारा करंट मोजतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रकाशाचा आहे, लाल आणि अवरक्त अशा दोन रंगांचा, पण त्यात प्रकाशवाट नाही. प्रकाश सरळ बोटातून आरपार जातो. गर्भतपासणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुधा सोन्याच्या सूक्ष्म कणांची असते. पकडणारा तिथंही प्रतिपिंडच. फरक एवढा की तिथं रंगीत कण जोडावा लागतो तेव्हा डोळ्याला दिसतं. आपल्या चिपवर काही रंगवावं लागत नाही आणि रेणू बसताना, उठताना, त्या त्या क्षणी दिसतात. औषध आपल्या लक्ष्याला किती घट्ट धरतं आणि किती वेळानं सोडतं, हे त्यामुळंच मोजता येतं.

किती कमी असलं तरी सापडतं?

जाहिरातीत ‘फेम्टोमोलर’ हा शब्द दिसला की मी कागद-पेन्सिल काढतो. एक फेम्टोमोलर द्रावणाच्या एका मायक्रोलीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, सुमारे सहाशे रेणू असतात. ते थेंबभर भटकत असतात. रिंग आहे केसापेक्षा बारीक. त्यातल्या एखाद्यानं फिरत फिरत नेमकं रिंगेवरच येऊन बसायचं, तर तास लागतील, कदाचित दिवस. प्रकाश तयार बसलेला आहे, पाहुणाच येत नाही! म्हणून सेन्सर लहान केला की तो आपोआप चांगला होतो, हा गैरसमज आहे. नमुना त्याच्यावरून वाहता ठेवावा लागतो आणि तो वाहवणारा पाट नीट आखावा लागतो.

दुधातली भेसळ कळेल का?

डेअरीत काम केलेल्या एका गृहस्थांनी हे विचारलं, आणि त्यांना ‘हो’ ऐकायचं होतं. भेसळ म्हणजे काय यावर उत्तर अवलंबून आहे. पाणी घातलंय का हे पाहायला चिप कशाला, लॅक्टोमीटर आहे. जिथं खरंच गरज आहे तो मामला अफ्लाटॉक्सिन एम-१ चा. बुरशी लागलेली सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड जनावरानं खाल्ली की हे विष दुधात उतरतं. अन्नसुरक्षेच्या नियमात त्याची कमाल मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे.

इथं एक मजेदार अडचण येते. हा रेणू एवढासा, वजन ३२८. प्रतिपिंडाचं वजन दीड लाखाच्या घरात. हत्तीच्या पाठीवर चिमणी बसली तर काट्याला काय कळणार? म्हणून डाव उलटा टाकतात. चिपवर प्रतिपिंड न लावता ते विषच लावायचं. दुधात ठरावीक प्रतिपिंड मिसळून ते दूध चिपवरून सोडायचं. दुधात विष असेल तर प्रतिपिंडांचे हात आधीच भरलेले असतात, ते चिपवर बसत नाहीत. म्हणजे खूण कमी आली तर विष जास्त. चिमणी मोजायची नाही, न आलेले हत्ती मोजायचे. तत्त्व पक्कं आहे आणि तपासणीच्या कितीतरी पद्धतींत तेच वापरतात. मात्र दुधातली साय आणि प्रथिनं आधी बाजूला काढायला हवीत, नाहीतर चिपच्या पाठीवर दही लागायचं.

आजव्याच्या नाहीतर महीच्या पाण्यातले जंतू लगेच सापडतील?

आपल्या शहराचं पाणी सयाजीरावांच्या काळातल्या आजवा सरोवरातून आणि मही नदीपात्रातल्या फ्रेंच विहिरींतून येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणं शंभर मिलीलीटरमध्ये एकही ई-कोलाय चालत नाही. आता हिशेब करा. शंभर मिलीलीटर म्हणजे एक लाख मायक्रोलीटर. चिपच्या पाटातून मिनिटाला वीसेक मायक्रोलीटर जातात. सगळं पाणी तपासून व्हायला पाच हजार मिनिटं, साधारण साडेतीन दिवस. महापालिकेच्या प्रयोगशाळेतली बशीत जंतू वाढवायची जुनी रीत त्याच्या आधी उत्तर देते.

शिवाय ई-कोलाय एक-दोन मायक्रोमीटर लांबीचा, आणि आपली ओसरी जेमतेम ०.२ मायक्रोमीटरची. तो येऊन बसला तरी त्याचे पायच काय ते ओसरीत दिसतात. म्हणून आधी पाणी गाळून जंतू एकवटायचे, किंवा थोडे वाढू द्यायचे, किंवा त्यांचा डीएनए मोकळा करून त्याच्या प्रती वाढवायच्या, मग चिप. हे सगळं करता येतं. ‘लगेच’ हा शब्द तेवढा जातो.

वायुगळती ओळखायला कितपत उपयोग?

इथं गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त आशादायक. वायूच्या रेणूला पकडणारा लागत नाही, कारण तो स्वतःची ओळख स्वतःच देतो. मिथेन १६५३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश खातो, त्याहून कितीतरी जास्त ३.३ मायक्रोमीटरला. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरला. अमोनियाच्या रेघा दीड मायक्रोमीटरजवळ आहेत. लेझर त्या रेघेवर नेऊन ठेवला की दुसरा कोणी मधे लुडबुडण्याची शक्यता कमी होते. फक्त प्रकाशाला हवेतून पुरेसा लांब प्रवास घडायला हवा, म्हणून चिपवर चकलीसारखी वेटोळी वाट काढतात. काही सेंटिमीटरचा प्रवास नखाएवढ्या जागेत.

आणखी एक गोष्ट कारखान्यातल्या माणसालाच कळेल. टोकाला फक्त प्रकाश असतो, वीज नसते. जिथं ठिणगी म्हणजे मरण अशा जागी नियंत्रण कक्षातून फायबरनं प्रकाश न्यायचा आणि परत आणायचा. कोयलीच्या रिफायनरीसारख्या ठिकाणी काम केलेल्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पण एक सावधगिरी. क्लोरीन अशा अवरक्त यंत्राला दिसत नाही. दोन सारखे अणू, त्यांच्या कंपनात विजेचा तोल बदलत नाही, म्हणून अवरक्त प्रकाश त्याला शिवत नाही. हायड्रोजनचंही तेच. क्लोरीनसाठी अतिनील प्रकाश किंवा वेगळं रसायन, हायड्रोजनसाठी पॅलेडियमचा थर. “सगळे वायू एकाच यंत्रात” असं कुणी म्हणालं तर क्लोरीनचं नाव काढून बघा.

बडोद्याच्या मे महिन्यात हे चालेल?

बेचाळीस अंशांत माणूस चालत नाही तर सेन्सर कुठून. सिलिकॉनचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतो. एक अंश चढला की रिंगेचा खळगा सत्तर-ऐंशी पिकोमीटर सरकतो. वरचा आकडा आठवा : अपवर्तनांकात ०.००१ वाढ म्हणजेही सत्तर. थोडक्यात, एक अंश तापमान वाढलं की रिंगेला वाटतं कुणीतरी पाण्यात पाऊण टक्का साखर घातली. आणि आपण शोधतोय थोड्याशा पिकोमीटरांची खूण. उपाय दोन. एक, चिपचं तापमान अंशाच्या शंभराव्या-हजाराव्या भागापर्यंत स्थिर धरायचं. दोन, शेजारी तशीच दुसरी रिंग ठेवायची, तिच्यावर पकडणारा लावायचा नाही, आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. दुसरा उपाय स्वस्त आणि शहाणा. ज्या यंत्रात अशी साक्षीदार रिंग नाही त्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सिलिकॉन चांगलं की सिलिकॉन नायट्राइड?

सिलिकॉन ११०० नॅनोमीटरखालच्या प्रकाशाला अपारदर्शक, म्हणून ते १३१० किंवा १५५० वर वापरतात. दळणवळणाचे लेझर तिथंच मिळतात, पण १५५० ला पाणी प्रकाश अधाशासारखा पितं. सेंटिमीटरभर पाण्यात जवळजवळ काहीच उरत नाही. नायट्राइडमधून दृश्य प्रकाशही जातो, तिथं पाण्याची भीती नाही आणि तापमानाचा त्रासही कमी. मात्र त्याच्या वाटा आणि वळणं मोठी होतात. रक्त-पाण्याच्या कामाला मी नायट्राइडकडे झुकतो.

या चिपा बनतात कुठे? आपल्याकडे?

बेल्जियममधलं आयमेक, नेदरलँड्समधलं लायोनिक्स अशा ठिकाणी अनेकांची आरेखनं एकाच चकतीवर छापून खर्च वाटून घेतात. आपल्याकडे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मद्रास इथं प्रकाशाच्या चिपा घडवण्याचं काम चालतं.

छापतात हा शब्द मी मुद्दाम वापरला. चिपवरची नक्षी प्रकाशानं छापतात, तिला फोटोलिथोग्राफी म्हणतात. आपल्या कलाभवनात, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या, दादासाहेब फाळके छायाचित्रण आणि छपाईच्या कला शिकले. प्रकाशानं नक्षी उमटवायची, नको ते रसायनानं खाऊन टाकायचं, ही छापखान्याची विद्या. सिलिकॉनवाल्यांनी ती उचलली आणि नॅनोमीटरपर्यंत नेली.

चिप स्वस्त म्हणता, मग यंत्र एवढं महाग का?

कारण चिप म्हणजे नुसता तबला, वाजवणारी मंडळी बाहेर. ठरावीक तरंगलांबीवर हळूच सरकणारा लेझर, तो केसाहून बारीक वाटेत शिरवणं, टोकाला डिटेक्टर, तापमान राखणारी पाटी, आणि पंप, नळ्या, झडपा. यातल्या नळ्यांनी मला जितकं रडवलं तितकं लेझरनं नाही.

आमच्या चाचणीत एका सकाळी आलेख एकदम उभा चढला. सगळे खुर्चीतून उठले. त्या दिवशी साहेब पाहुण्यांना घेऊन येणार होते आणि ते नेमके तेव्हाच आले. टाळ्यासुद्धा वाजल्या. दहा मिनिटांनी आलेख जसा चढला तसाच उतरला. नळीत हवेचा बुडबुडा शिरला होता. पाणी आणि हवा यांच्या अपवर्तनांकात ०.३३ चा फरक, आणि आम्ही शोधत होतो दहा लाखांत एक. बुडबुड्याची खूण आमच्या खुणेच्या तीन लाख पट. तेव्हापासून नमुना आधी निर्वातात धरून हवा काढून घ्यायची आणि आलेख फार देखणा दिसला तर आधी नळी बघायची, हा नियम मी पाळतो.

एका थेंबात पन्नास आजार ओळखणाऱ्या मशीनसाठी पैसे गुंतवू का?

गुंतवणुकीचा सल्ला मी देत नाही, माझ्या भाच्यालाही दिला नाही. पण विकणाऱ्याला हे विचारा. शुद्ध पाण्यात मोजलंत की खऱ्या रक्तात? प्रतिपिंड कुणाचा, आणि चिप पाकिटात घालून ठेवली तर किती महिने टिकतो? तो फ्रिजमध्ये ठेवावा लागतो का? एकाच नमुन्याचे दहा चिपांवर दहा आकडे दाखवा. निरोगी माणसाच्या रक्तात किती वेळा “सापडलं” म्हणतं? शेवटच्या प्रश्नावर बोलणं हमखास दुसरीकडे वळतं. पन्नास रिंगा एका चिपवर काढणं खरंच सोपं आहे. पन्नास वेगळे पकडणारे शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता, एकाच द्रावणात खूश ठेवणं हे पन्नास संसार एका चाळीत सांभाळण्यासारखं आहे.

आमच्या लॅबनं एलायझा सोडून हे घ्यावं का?

डॉक्टरसाहेब, आत्ता नको. रोजच्या शंभर नमुन्यांना एलायझा, म्हणजे प्रतिपिंड आणि रंगावर चालणारी लॅबमधली नेहमीची तपासणी, आणि तुमचे स्वयंचलित अ‍ॅनालायझर पुरेसे आहेत, त्यांची माणसं आणि सुटे भाग गावात मिळतात. चिपचा खरा उपयोग जिथं वेळ हाच मुद्दा आहे तिथं, किंवा रेणूंचं धरणं-सोडणं पाहायचं असेल तिथं.

मुलीला या क्षेत्रात जायचंय. फिजिक्स घ्यावं की बायोटेक?

दोन्हींतलं एक पक्कं आणि दुसरं घाबरायचं नाही इतपत. अशा प्रयोगशाळांत मला कायम एक दृश्य दिसलं : लेझरवाले एका कोपऱ्यात, पिपेटवाले दुसऱ्या, आणि दोघांमध्ये चहाचा थर्मास. जिला दोन्ही टेबलांवर बसता येतं तिला काम शोधावं लागत नाही. पृष्ठभागाचं रसायन शिकली तर उत्तम, ते शिकणारे फार थोडे आहेत.

याला मराठीत काय म्हणायचं?

संवेदक, तरंगवाहक, कंपनवलय असे शब्द सुचवून झाले. तरंगवाहक मला आवडतो, पण बैठकीत तोंडातून वेव्हगाइडच निघतं. मुलांना समजलं पाहिजे, मग शब्द कुठल्या गावचा का असेना. ओसरी मात्र मी सोडणार नाही.

वापरलेली चिप धुऊन पुन्हा चालते का?

काही वेळा. आम्लधर्मी द्रावण, बहुधा पीएच २ च्या आसपासचं ग्लायसिन, मिनिटभर सोडलं की पकडलेला रेणू सुटतो आणि प्रतिपिंड जागेवर राहतो. दर वेळी तो थोडा थकतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर ओळखीच्या नमुन्यावर तपासून घ्यायचं आणि खूण ठरवलेल्या मर्यादेखाली गेली की चिप टाकून द्यायची. रुग्णाच्या रक्तासाठी मात्र पुन्हा वापरायची नाही, तिथं एक माणूस, एक चिप.